पुलावर राहून गेलेले थ्येन-फू

साऱ्या चराचराचा शेवट माझ्या पोटात होतो. म्हणजे उदबत्तीचा होतो. बाकीच्यांचं मी नुसतं ऐकून आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी धूपदाणी आहे. मला तीन पाय आहेत आणि दोन कान आहेत. तैवानच्या पश्चिमेकडच्या एका ओतशाळेत मी घडले आणि लग्नाच्या आहेरात पूर्व किनाऱ्यावर आले. समोर समुद्र, मागे डोंगर, मध्ये थ्येन-फू नावाचा ट्रकवाला आणि त्याची बायको पी-शिया. वाडवडिलांची नावं कोरलेल्या लाकडी पाटीपुढे माझी जागा होती. नव्या वर्षाला मला राखेनेच घासून लख्ख करत, आणि पाहुणे म्हणत, "वा! पितळ आहे की सोनं?" मी गप्प राहायची. खरं सांगून कुणाचं भलं झालं आहे?

मागच्या हिवाळ्यात थ्येन-फू गेले. पाटीवर त्यांचंही नाव चढलं. पी-शिया रडली नाही. सकाळ-संध्याकाळ ती माझ्यात उदबत्ती खोचायची, भांडी घासून पालथी घालावीत तशी. एकदा निखारा मनगटावर पडला, तर शेजारणीचं मनगट असावं तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. घर गळू लागलं, तेव्हा उत्तरेतल्या कीलुंग बंदरात राहणारा मुलगा क्वांग-यू गाडी घेऊन आला. "चला," म्हणाला. ती उठून बसली गाडीत.

मी तिच्या मांडीवर. पाटीची टोपली नणंदेच्या मांडीवर. या वन्सं म्हणजे साक्षात धर्मशास्त्र. त्यांचा हुकूम असा, की उदबत्ती वाटेत विझता कामा नये आणि प्रत्येक पुलाशी, प्रत्येक बोगद्याशी गेलेल्या माणसाला हाक मारायची. नाही तर तो अलीकडेच राहतो.

"आत्या, बाबांना हा रस्ता पाठ आहे," धुरानं खोकत क्वांग-यू म्हणाला. "जन्मभर ट्रक चालवला त्यांनी इथे."

"जिवंत असताना! आता लायसन्स आहे का त्याच्याकडे? तू पुढे बघ. पी-शिया, पूल आला."

"अहो, पूल आला. या मागोमाग."

"नवऱ्याला बोलावतेस की बाजारात कोथिंबीर मागतेस? जरा जीव ओत!"

पी-शियाचा आवाज तसाच राहिला. पूल आला, या. बोगदा आला, या. बसच्या कंडक्टरलाही प्रवाशांविषयी याहून जास्त ममता असते. पुढे घाटात वन्संचा डोळा लागला. मोठ्या नदीवरचा पूल गेला. पी-शिया उघड्या डोळ्यांनी बसून होती. बोलली काहीच नाही.

पलीकडच्या गावात जेवायला थांबले. भाताचे डबे उघडले आणि वन्सं जाग्या झाल्या.

"नदी गेली?"

"गेली."

"सांगितलंस त्याला?"

"नाही."

वन्संच्या हातातल्या जेवायच्या काड्या तिथेच थांबल्या. "म्हणजे तो नदीच्या त्या काठावरच उभा आहे! बोलावल्याशिवाय पाऊल टाकणारा नाही तो. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी बसा म्हणेना म्हणून कोपऱ्यात उभा होता. आता जन्मोजन्म तिथेच राहील."

"पुढच्या पुलावर दोनदा हाक मारू," क्वांग-यूने तोड काढली. "भरपाई होईल."

"अरे, देव आहे तो आता, किराणा दुकान नाही!"

पी-शियानं डब्यावर झाकण ठेवलं. "गाडी वळव."

"आई, सगळा घाट पुन्हा? अंधार पडेल. आणि तुझा कुठे विश्वास आहे यावर?"

"ते जेवलेले नाहीत," ती म्हणाली.

गाडी वळली. पूल ओलांडून, थ्येन-फू राहून गेले होते त्या टोकाशी ती मला घेऊन उतरली. वन्संनी टोपली काखेत मारली आणि गेलेल्या जिवाला उजेड लागू नये म्हणून काळी छत्री माझ्यावर धरली. ट्रक भोंगे वाजवत जात होते.

"अहो," पी-शिया म्हणाली, "चला. राहून गेलं माझ्याकडून. झोपले नव्हते, नुसती बसले होते." आणि ती कठड्याच्या कडेनं चालू लागली. "इथे खड्डा आहे, सांभाळा. घर चौथ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे, गुडघ्यांचा बाऊ करू नका. चपला दाराबाहेर काढायच्या. सूनबाई कडक आहे. थांबा, ट्रक येतोय. हं, चला."

मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही. माझ्या पोटात तेव्हा राख आणि उदबत्तीशिवाय काही नव्हतं. वाराही नेहमीचाच होता. पण त्या अरुंद कडेवरून ती तिरकी होऊन चालत होती, कठड्याकडची अर्धी जागा मोकळी ठेवून. वन्संनी ते पाहिलं. मग त्यांनी छत्रीही जराशी त्या रिकाम्या बाजूला सरकवली.

पुलाचं दुसरं टोक आल्यावर पी-शिया तिथे आणून उभ्या केलेल्या गाडीत बसली, तीही एका कडेला. रडली नाही. थंडगार भात मात्र सगळा जेवली.

आता आम्ही कीलुंगला असतो. इथे पाऊस फार. ती अजून फारसं बोलत नाही; बोलते ते उदबत्ती लावताना. भाजीचा भाव सांगते, लिफ्ट बंद पडल्याचं सांगते, उत्तरासाठी थांबते आणि मग मान हलवते. श्रद्धा म्हणतात ती हीच का, हे मला विचारू नका. मी पितळ आहे.

शेवटी जुन्या वस्तूंची कदर करा वगैरे सांगायची आमच्यात रीत आहे. ते सांगितलं असं समजा. पण या घरी कधी आलात, तर तेवढा टेबलावरचा पंखा दुसरीकडे फिरवा. राख भातात उडते, आणि सूनबाई बोलते मला.