छपराचं वाक्य

मिस्त्रीच्या घराण्याला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे त्यांनी कौलं घातलेलं छप्पर गळत नाही, आणि दुसरी म्हणजे पवित्र शास्त्रातली छपराची गोष्ट त्यांच्या घराकडे आहे. यातली मोठी कुठली असं कुणी विचारलं, की मिस्त्री आधी हसायचा आणि मग दोन्ही पहिल्यापासून सांगायला बसायचा. घाईत असलेली माणसं विचारायच्या भानगडीत पडत नसत.

त्या गोष्टीचं असं होतं. जुन्या काळी गावातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळीत मिळून शास्त्राची एकच प्रत होती, आणि वाचता येणारी माणसंही जेमतेमच होती. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी युक्ती काढली. एकेका घराला एकेक उतारा वाटून दिला. तो त्या घराने पाठ ठेवायचा आणि वर्षातून एका रविवारी उपासनेत उभं राहून म्हणायचा. पुढे छापील प्रती घरोघरी आल्या, पण चाल काही सुटली नाही. वाटणी करणारा माणूस बहुधा मिस्कील असावा. जकात कचेरीतल्या कारकुनाच्या घराला पापी जकातदाराची गोष्ट दिली, ती तो दरवर्षी मान खाली घालून म्हणतो. डॉक्टरांच्या घराला त्या आजारी बाईची गोष्ट आली, जिला कितीतरी वैद्य करूनही गुण आला नव्हता. ते वाक्य जवळ आलं की डॉक्टरांना हटकून खोकला येतो.

आणि मिस्त्रीच्या घराला आली चौघे जण आणि त्यांनी खाटेवरून आणलेला एक लुळा माणूस यांची गोष्ट. प्रभू ज्या घरात आहे त्याच्या दारात गर्दी, आत शिरायला वाट नाही, म्हणून चौघे त्याला घेऊन वर चढतात, छप्पर उघडतात आणि खाट खाली प्रभूसमोर सोडतात. प्रभू त्याला उठवतो, तो खाट उचलून चालायला लागतो, लोक थक्क होतात. शास्त्रात गोष्ट एवढीच आहे. पण मिस्त्रीच्या घरात तिला शेवटी आणखी एक वाक्य होतं. "मग ते चौघे परत वर चढले, ज्याचं छप्पर उघडलं होतं त्याचं ते नीट करून दिलं, आणि मगच घरी गेले."

हे वाक्य कुणी घातलं, आजोबांनी की पणजोबांनी, देव जाणे. कौलं घालणाऱ्या घरात गोष्ट उघड्या छपरावर सोडून द्यायची, हे कुणाला तरी सोसलं नसणार. मिस्त्रीने ते बापाच्या तोंडून ऐकलं, बापाने त्याच्या बापाच्या. मंडळीतल्या पोराटोरांनाही ते पाठ होतं. मूळ गोष्टीपेक्षा लोक त्याचीच वाट बघत.

यंदा मिस्त्रीने हे शास्त्रवचन लेकीच्या हाती दिलं. एकदा पुढच्या पिढीकडे दिलं की परत घ्यायचं नाही, असा नियम. लेक बापाबरोबर छपरावर काम करायची, उंचीला भ्यायची नाही, आणि शिकलेलीही होती. मिस्त्री आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला होता. बायको म्हणाली, "अहो, पुरे आता. लग्न ठरलंय असं वाटायला लागलंय लोकांना."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात प्रार्थनामंदिराचं काम निघालं. व्यासपीठाच्या वरच्या अंगाला कौलांखालच्या लाकडी रीपा कुजल्या होत्या. बापलेकींनी तेवढ्या भागातली कौलं उतरवून भिंतीशी रचली, कुजकी लाकडं काढली आणि नव्या रीपा वर चढवून ठेवल्या. चहाच्या वेळी मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, आले. वर्षभरापूर्वीच बदलून आलेले, अभ्यासू माणूस, बोलायला मऊ. ते लेकीला म्हणाले, "रविवारचं एकदा म्हणून दाखवतेस?"

तिने उभ्या उभ्या म्हटलं. मिस्त्री कप हातात धरून ऐकत राहिला, चहावर साय आली तरी. शेवटचं वाक्य झालं तसे पाळकसाहेब खिशातलं छोटं शास्त्र उघडून बघायला लागले.

"हे शेवटचं यात नाही, मिस्त्री."

"यात नसेल. आमच्यात आहे."

"वाक्य सुंदर आहे," पाळकसाहेब म्हणाले. "पण प्रभूच्या वचनात आपल्या पदरचं घालायचं नाही. तेवढं गाळा."

"साहेब, हे कागदावर यायच्या आधी माणसं तोंडानेच सांगत होती ना? आम्हीही तोंडानेच सांगतोय. चार पिढ्या झाल्या."

"सांगत होती, म्हणूनच तर लिहून ठेवलं. नाहीतर प्रत्येक घराने आपापलं छप्पर घातलं असतं त्यावर. तुमचं वाक्य चांगलं आहे हे कबूल. म्हणून तर ते ओळखू येत नाही. मंडळीतल्या कुठल्याही पोराला विचारा, तो म्हणेल शास्त्रातच आहे."

मिस्त्रीने आधारासाठी लेकीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "शाळेत असतानाच वाचलं होतं. साहेबांचं खरं आहे. ते आपलं आहे, त्यातलं नाही."

पाळकांचं बोलणं मिस्त्रीने पचवलं असतं. पाळक येतात, बदलून जातात. पण पोटची पोर असं म्हणाली आणि त्याने डोक्यात राख घालून घेतली.

"मग त्या माणसाच्या छपराचं काय झालं?" त्याने विचारलं.

"लिहिलेलं नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"लिहिलेलं नाही. म्हणजे नीट केलं नाही. छप्पर फोडलं, काम झालं, निघून गेले." त्याने कप खाली ठेवला. "ठीक आहे. आम्हीही शास्त्राप्रमाणे वागतो. हे राहू दे असंच. चल गं."

"बाबा, उघडं आहे ते."

"चल म्हणतो ना."

आणि हत्यारंसुद्धा न उचलता तो निघाला. त्याच्या घराण्यात अर्धं छप्पर टाकून कुणी घरी गेलं नव्हतं. ताप अंगात असताना नाही, गिऱ्हाइकाशी भांडण झालं म्हणून नाही. ते त्याला रस्ता ओलांडायच्या आतच आठवलं. पण माघारी फिरायला तोंड नव्हतं.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि पानात वाढता वाढता म्हणाली, "तुमचे वडील असते तर तुम्हाला जेवायला घातलं नसतं." गावभर व्हायची ती बातमी झाली. जकातीचा कारकून मुद्दाम वाट वाकडी करून आला आणि वाक्य गाळणार का म्हणून विचारून गेला. पाळकसाहेबांनी मात्र दुसऱ्या कुणाला कामाला बोलावलं नाही. वरून पालापाचोळा पडायचा, तो ते रोज सकाळी स्वतः झाडून काढायचे. हे ऐकून मिस्त्रीला चीडही आली आणि लाजही वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी चीड आली.

शनिवारी त्याने लेकीला गाठलं. "म्हणणार ना?"

"वचन माझ्याकडे दिलंय ना तुम्ही?"

"दिलंय."

"मग माझ्यावर सोडा."

मिस्त्रीने याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. शेवटी रक्त आपलं आहे, ऐन वेळी ती घराला खाली पाहायला लावणार नाही, असं मनाशी घोकत तो झोपला.

रविवारी बाकं गच्च भरली. एरवी न फिरकणारेही आले होते. व्यासपीठाच्या वर आभाळाचा चौकोन उघडा पडला होता आणि त्यातून ऊन थेट खाली येत होतं. लेक त्या उन्हात जाऊन उभी राहिली. हातात पुस्तक नव्हतं, कागद नव्हता. आवाज स्वच्छ, घाई नाही. दारातली गर्दी तिने अशी सांगितली की मागच्या बाकावरची माणसं नकळत सरकून बसली. चौघे वर चढले तिथे ती जरा थांबली, अगदी मिस्त्रीचा बाप थांबायचा तशी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हातारा गेला तेव्हा ती रांगत होती. मिस्त्रीचा ऊर भरून आला. सारी चीड विरघळली आणि आपण या पोरीचे बाप आहोत एवढंच उरलं.

तो माणूस उठला, खाट उचलून चालू लागला, लोक थक्क झाले. सगळी मंडळी पुढच्या वाक्यासाठी कान टवकारून बसली. पुढच्या बाकावरच्या पोरांनी तर म्हणायला तोंडंसुद्धा उघडली होती.

"लिहिलेलं इथे संपलं," लेक म्हणाली.

ती व्यासपीठावरून उतरली आणि बाजूच्या दाराने बाहेर निघून गेली.

मिस्त्रीच्या मनात आलं: संपलं. चार पिढ्यांनी जपलेलं वाक्य त्याच्या हयातीत, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच पोरीने सोडून दिलं. माना आपल्याकडे वळताहेत हे त्याला न बघता कळत होतं. त्याने समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. पाळकसाहेब उपदेशासाठी उठले, घसा साफ केला, आणि बोलायच्या ऐवजी वर बघायला लागले.

बाहेर शिडी भिंतीला लागल्याचा आवाज झाला होता. मग पावलं, एकेक पायरी. हा आवाज मिस्त्रीने झोपेतही ओळखला असता. उघड्या चौकोनात आधी लेकीचा हात दिसला, मग ठेवणीतल्या कपड्यांची खोचलेली कड. तिने रीप बसवली. खिळा ठोकला. दुसरी रीप बसवली. मग खाली उतरून कौलांची चळत खांद्यावर घेऊन परत वर गेली.

पहिलं कौल बसलं आणि उन्हाचा चौकोन तेवढाच लहान झाला.

मिस्त्री वर बघत राहिला आणि त्याला सरळ दिसलं की वाक्य धरून तो स्वतः बसला होता आणि छप्पर उघडं टाकून आला होता. लेकीने शास्त्रात एका अक्षराची भर घातली नाही, आणि घरचंही काही गाळलं नाही. पणजोबा, आजोबा, बाप, सगळ्यांनी हे वाक्य नुसतं म्हटलं. तोही वर्षानुवर्षं म्हणत आला, मान ताठ करून, टाळीसाठी जरा थांबून. आजवर कुणाला ते असं म्हणता आलं नव्हतं. त्याचे डोळे भरले आणि ते त्याने पुसले नाहीत. बघायचं त्यांनी खुशाल बघावं.

पाळकसाहेब झगा सावरत बाहेर गेले. दारातून दिसत होतं, ते दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते. धरायची कशी ते ठाऊक नव्हतं, पण धरली होती घट्ट.

शेजारी बसलेला जकातीचा कारकून हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या घरचं वाक्य राहिलं की हो."

"राहिलं कुठे," मिस्त्री बाह्या वर करत उठला. "म्हणतेय ना ती. ऐका जरा गप बसून."

आणि तो लेकीला कौलं पुरवायला बाहेर गेला.