उठायची गादी

आमच्या सासूबाईंना घरीदारी सगळे मेट्रन म्हणतात. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण इस्पितळ काही त्यांच्या अंगातून गेलेलं नाही. चादरीचा कोपरा मनासारखा दुमडला नसेल तर पाहुण्यांसमोरसुद्धा पलंग उसकटून पुन्हा घालायला लावतात. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, म्हणजे दिवसभर मीही ओरडतच असते. एका घरात हुकूम सोडणाऱ्या दोन बायका असल्यावर माझा नवरा काय करणार? ऐकू न आल्यासारखं करायला तो फार लवकर शिकला.

तर या मेट्रन जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, यांना चालवा. इस्पितळात त्या चालल्याही, कारण तिथल्या नर्सेससमोर त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. घरी आल्या आणि स्वतःच्या जुन्या गादीत जाऊन पडल्या. त्या गादीच्या मधोमध हा एवढा खड्डा. आत गेलं की बाहेर यायला दुसऱ्याचा हात लागायचाच. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढून काढायची. हळूहळू त्यांनी स्वतः धडपडणंच सोडलं. हाक मारायच्या आणि छताकडे बघत माझी वाट पाहायच्या. जिने अख्खे वॉर्ड पायावर उभे केले, ती बाई अशी पडलेली मला बघवत नव्हती. डॉक्टरांनी तर मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "या अशाच पडून राहिल्या तर चालणं विसरा. आणि आधी ती गादी बदला."

म्हणून मी मेट्रनना वॉकरसकट गाडीत घातलं आणि गाद्यांच्या मोठ्या दुकानात घेऊन गेले. आत ओळीने पलंग मांडलेले, सगळे रिकामे. मेट्रन दारातच थबकल्या.

"रिकामे पलंग मला आवडत नाहीत," त्या म्हणाल्या. "सकाळी ड्युटीवर गेलं आणि पलंग रिकामा दिसला की पोटात गोळा यायचा. पेशंट बरा होऊन घरी गेला का कायमचा गेला, हे विचारेपर्यंत कळायचं नाही."

"इथे कुणी गेलेलं नाही. चला," मी म्हटलं.

टाय लावलेला विक्रेता धावतच आला. "ही बघा मॅडम, ही गादी तुमच्या शरीराचा आकार लक्षात ठेवते."

"माझा आकार लक्षात ठेवून तिला काय करायचंय?" मेट्रन म्हणाल्या. त्यानंतर तो बिचारा जरा लांबूनच बोलू लागला.

मग मेट्रननी राउंड सुरू केला. एका गादीच्या कडेवर मूठ दाबून बघितली, दुसरीच्या कापडावरून तळवा फिरवला. "हे पुसता येतं का? वर मेणकापड घातलं तर सरकणार नाही ना?" मग मला म्हणाल्या, "तू जरा इथे उभी राहा. वाक. अजून वाक. पाठीला रग लागते का?"

मी वाकले. नवीन खरेदी आहे, करू दे हौस, असं मला वाटलं. अशा चार-पाच पलंगांपाशी त्यांनी मला वाकवलं. शेवटी एक उंच, फळीसारखी कडक, वरून प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली गादी त्यांनी पसंत केली. "हीच घे. झालं काम."

विक्रेत्याचा चेहरा खुलला. मी म्हटलं, "अहो आई, आडव्या तरी होऊन बघा!"

"मला काय बघायचंय? मी तर आता पडूनच असणार. तुझ्या कमरेला बरोबर आहे ना, मग झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या स्वतःसाठी गादी बघतच नव्हत्या. त्यांची पाठ पुसणाऱ्या, त्यांची कूस बदलणाऱ्या, त्यांचं सगळं गादीवरच करणाऱ्या बाईसाठी बघत होत्या. आणि ती बाई म्हणजे मी. जन्मभर त्या पलंगाशेजारी उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे आत्तासुद्धा तिथूनच मोजमाप घेत होत्या. पलंगावर कोण असणार हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"किती पोरी बघितल्यात मी," त्या हळूच म्हणाल्या, "पेशंट उचलून उचलून ऐन तारुण्यात कमरेतून गेलेल्या. तुझं तसं व्हायला नको."

मला रडूही आलं आणि भयंकर संतापही आला. माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की संताप जिंकतो.

"मी तुम्हाला उचलणार नाही!" मी एवढ्या जोरात म्हणाले की उशा बघणारं एक जोडपं वळून आमच्याकडे बघायला लागलं. सून सासूला भर दुकानात झिडकारतेय, हे बघायला कुणाला आवडत नाही?

"नाही उचलणार?" मेट्रनचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही. तुम्ही उठायचं. आई, माझ्याकडे शिकायला येणारे लोक आधीच्या माणसाने लावलेल्या सीटवर तसेच बसतात. पाय पुरत नाहीत, तरी संकोचाने बोलत नाहीत. त्यांना मी काय सांगते? सीट पहिली आपल्या मापाची करा, मगच किल्लीला हात लावा. तुम्ही माझ्या मापाची सीट लावून बसताय."

मेट्रननी वॉकर बाजूला लावला आणि समोरच्याच पलंगावर बसल्या. ती गादी नेमकी लोण्यासारखी मऊ निघाली. मेट्रन आत, पाय वर. विक्रेता एका बाजूने आणि मी एका बाजूने, असं दोघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. "ही मेली खड्ड्याची थोरली बहीण," त्या म्हणाल्या आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच खदखदून हसल्या.

मग कडक गाद्या झाल्या. त्यांवर कूस बदलली की खांदा आणि खुबा दुखायचा. शेवटी कोपऱ्यात एक मध्यम गादी सापडली. फार उंच नव्हती, काठावर बसलं की पाय जमिनीला टेकत होते. मेट्रन तिच्यावर चांगल्या बाजूच्या कुशीवर वळल्या. खांदा थोडा आत गेला, कमरेला खालून आधार मिळाला. त्यांनी डोळे मिटले. विक्रेता तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला नजरेनेच गप्प केलं.

"मी कुशीवर झोपते," काही वेळाने मेट्रन म्हणाल्या. जणू ही गोष्ट त्यांनाच आत्ता कळली होती. "नाइट ड्युटीत खुर्चीतच झोपायची सवय. मला कसं झोपायला आवडतं, ते बघायचं राहूनच गेलं."

"आता उठा," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. सवयीने माझाही हात निघाला. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याची खात्री नसताना त्या ब्रेकवरून पाय काढून घेणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. आणि घरी मी काय करत होते? त्या जरा कण्हल्या की लगेच ब्रेक. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

मेट्रननी माझ्याकडे जळजळीत नजरेने बघितलं. मग पाय खाली सोडले, कोपर रोवलं, गादीची कड घट्ट धरली. कड दबली नाही. एकदा अर्ध्यातून परत बसल्या. त्यांचं कपाळ घामाने भिजलं. माझे हात पाठीमागे एकमेकांत रुतले होते. दुसऱ्यांदा त्या उठल्या आणि उभ्या राहिल्या. उशांवालं जोडपं टाळ्या वाजवायच्या बेतात होतं.

"हीच," मेट्रन म्हणाल्या. "आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर नको. घाम येतो."

गादी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे त्यांना उठवायला गेले. खोलीत पाऊल टाकलं आणि तिथेच थिजले. पलंग रिकामा होता. चादर ताठ ओढलेली, चारही कोपरे इस्पितळातल्यासारखे दुमडलेले. मेट्रन नव्हत्या, वॉकर नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात खण ओढल्याचा आवाज झाला. मी धावले. ओट्याला पाठ टेकून मेट्रन स्टुलावर बसल्या होत्या. केस विस्कटलेले, चेहरा लाल, श्वास जोरजोरात चाललेला.

"माझ्या घरात गाळणी कुठे दडवून ठेवलीस गं?"

"आई, हाक का नाही मारलीत?"

"हाक मारली असती तर तू आली असतीस." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "पलंग रिकामा बघून घाबरलीस ना?"

मी मान डोलावली.

"वेडी कुठली," मेट्रन म्हणाल्या. "पेशंट घरी आलाय."