उजव्या सीटवरचा शब्द

मित्रांनो, माझे स्टिअरिंग डावीकडे आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यात जे काही घडले, ते या एका गोष्टीमुळे घडले.

मी एक जुनी अमेरिकन मोटार आहे. मला दोनच दारे आहेत, लांब नाक आहे, आठ सिलिंडरचे इंजिन आहे आणि पुढच्या जाळीच्या मधोमध धावणारा एक छोटासा धातूचा घोडा आहे. माझे खरे नाव मस्टँग. पण विदर्भातल्या दिग्रस गावात ते नाव कोणी घेतले नाही. तिथे मला सगळे ‘घोडी’ म्हणत.

१९६६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कारखान्यात मी तयार झाले. माझा रंग सकाळच्या आभाळासारखा फिकट निळा होता. पुढे टेक्सास राज्यात कापसाच्या यंत्रांचा अभ्यास करायला आलेल्या चंद्रशेखर नावाच्या तरुण इंजिनिअरने मला विकत घेतले. सुट्टीच्या दिवशी आम्ही निघत असू. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत पांढरा कापूस आणि माझ्या इंजिनाचा जाड, घुमणारा आवाज. मला वाटे, जग एवढेच असते.

१९७२ साली ते घरी परतले आणि मलाही जहाजात घालून घेऊन आले. परक्या देशाची मला फार भीती वाटत होती. पण यवतमाळ मागे टाकून आम्ही दारव्ह्याकडे वळलो आणि मी आजूबाजूला पाहिले, तर तोच पांढरा कापूस. झाडे जरा बुटकी होती आणि यंत्राऐवजी बाया वेचत होत्या, एवढाच फरक. मी निवांत झाले.

चंद्रशेखर सर दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, इंजिनिअर झाले. तिथल्याच एका शेडमध्ये माझा मुक्काम असे. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि माझ्या उजव्या सीटवर शीलाबाई येऊन बसल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत.

आता माझी अडचण नीट समजून घ्या, मित्रांनो. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. चालक उजवीकडे बसलेला असला, तर पुढच्या ट्रकच्या कडेने त्याला समोरचा रस्ता दिसतो. माझा चालक डावीकडे बसतो. त्याला फक्त ट्रकची पाठ दिसते. समोरून काय येत आहे, ते दिसते उजव्या सीटवरच्या माणसाला. म्हणजे मी एकट्याने चालवण्याची गाडी नव्हे.

पुढे ट्रक आला की सर विचारत, “शीला?”

बाई खिडकीतून मान किंचित बाहेर काढून पाहत. रस्ता खरोखर रिकामा असेल तरच म्हणत, “मोकळं.”

तेवढा एकच शब्द. ‘बहुतेक मोकळं’ असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. एकदा सर वैतागून म्हणाले, “अगं, एवढ्या वेळात बैलगाडी पुढे गेली असती!”

“मग बैलगाडीच आणायची होती अमेरिकेतून,” बाई म्हणाल्या.

तो शब्द ऐकला की सर माझा वेग वाढवत. माझे नाक जरा वर उचलले जाई, ट्रक मागे पडे, आणि दोघेही काही न बोलता हसत. मला वेगवान म्हणून बनवले होते खरे, पण वेगाचा आनंद मला त्या शब्दानंतरच होई. वर्गात सापेक्ष वेग शिकवताना बाई माझेच उदाहरण देत. फळ्यावर एक ट्रक, एक एसटी आणि घोड्याचे चिन्ह असलेली गाडी. मुले म्हणत, “मॅडम, घोडीचं गणित घ्या ना!”

एकोणतीस वर्षे असे चालले. २००१ साली सरांचे हृदय थांबले. जिनिंगच्या फिटरने, भावसिंगने, मला शेडमध्ये ढकलत नेऊन उभे केले. बाईंनी माझ्यावर कापड घातले. जाण्यापूर्वी त्या क्षणभर आत बसल्या, नेहमीसारख्या उजवीकडेच. डावी सीट रिकामी होती. मग त्या उतरल्या आणि दार इतके हळू लावले की ते नीट लागलेच नाही.

ते दिवस कापसालाही वाईट होते. जिनिंगचा भोंगा आधी एकाच पाळीला वाजू लागला, मग थांबलाच. गाड्यांची रांग जिथे फाटकाबाहेर दूरवर जाई, तिथे गवत उगवले. गावोगावी कापूस घरातच पडून राहिला. लोक त्या ढिगाशेजारी झोपत आणि अंग खाजवत उठत.

फुलसावंगी गावच्या बेबीताईंच्या घरातही तसेच होते. त्यांची मुलगी सुरभी अकरावी-बारावीला बाईंकडे राहून शिकली होती. बेबीताईंना रिकाम्या हाताने यायला आवडत नसे. एकदा त्यांनी बाईंना एक गाठोडे भरून कापूस आणून दिला. “दुसरं काय आनू मॅडम? औंदा घरात हेच हाय.”

बाईंना त्या कापसाचा एक उपयोग सुचला. बंद जिनिंगमध्ये उंदीर फार झाले होते. ते माझ्यात शिरू नयेत म्हणून बाईंनी माझ्या धुराच्या नळीत, काचेखालच्या हवेच्या फटीत, जिथे जिथे भोक दिसले तिथे कापूस घट्ट कोंबला. प्रत्येक बोळा त्यांनी बोटाने दाबून तपासला. मग दोन वर्षे त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. काही दारे पुन्हा उघडायला वेळ लागतो.

२००६ च्या जानेवारीत जिनिंगची जागा विकली गेली. फेब्रुवारी संपण्याआधी शेड रिकामी करायची होती. बाईंचा मुलगा अनिकेत पुण्याला असतो. त्याने एक गिऱ्हाईक शोधले. एका हॉटेलवाल्याला मी अंगणात उभी करायला हवी होते. इंजिन काढून टाकायचे, लाल रंग द्यायचा आणि लोकांनी शेजारी उभे राहून फोटो काढायचे.

“आई, निदान ती दिसेल तरी छान,” अनिकेत फोनवर म्हणाला.

“इंजिनाशिवाय?”

“मग चालवणार कोण? आणि तू शिकलीस तरी तुझ्या उजवीकडे कोण बसणार? मला गाडीची नाही गं, तुझी काळजी आहे.”

बेबीताई त्या दिवशी बाईंकडेच आल्या होत्या. आपला गुरांचा कोठा रिकामा आहे, गाडी तिथे ठेवा, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

“फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी मी तिला फुलसावंगीला घेऊन जाते,” बाई म्हणाल्या. “स्वतः चालवत. पोचले, तर ती राहील. नाही पोचले, तर हॉटेलवाल्यांचा ट्रेलर येऊ दे.”

म्हणून बाई, बेबीताई आणि भावसिंग असे तिघे शेडमध्ये आले. कापड काढले आणि तिघेही पाहत राहिले. माझ्या काचेखालच्या फटीतून वीतभर उंचीचे कापसाचे एक वाळलेले रोप उभे होते. पावसाळ्यात शेड गळली होती, तेव्हाचे ते.

“अवो मॅडम,” बेबीताई म्हणाल्या, “गाडीत पऱ्हाटी कायले पेरली?”

“पेरली नाही हो. उंदीर येऊ नयेत म्हणून कापूस लावला होता. तुम्हीच दिलेला.”

“सरकीसकट?” बेबीताई हसत हसत खालीच बसल्या. “जिनिंगातली रुई कोंबायची होती ना! सरकी तं उंदराचा खाऊ हाय. तुमी तं त्याइले पंगतच वाढली!”

भावसिंगने बॉनेट उघडले. उंदरांनी सरकी खाल्ली होती आणि तोंडी लावायला माझ्या तारा घेतल्या होत्या. एकही तार धड नव्हती.

आयुष्यभर जिनिंगच्या आवारात राहिलेल्या विज्ञानाच्या शिक्षिकेने कापूस आणि रुई यांत गल्लत केली होती. बाईंचा चेहरा उतरला. पण घरी जाऊन त्यांनी सरांच्या कपाटातून माझे जुने पुस्तक काढले आणि आलेखाच्या वहीवर माझ्या सगळ्या तारांचा नकाशा काढला, रंगीत पेन्सिलींनी. भावसिंगने तो शेडच्या भिंतीला चिकटवला.

“कागद तुमचा, पक्कड माही,” तो म्हणाला. “आता पाहा कशी बोलते घोडी.”

बारा दिवस दोघे काम करत होते. तेराव्या दिवशी मी खोकले, थरथरले आणि बोलले. भावसिंगने डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवली. मग गवत उगवलेल्या त्या रिकाम्या आवारात बाई गाडी चालवायला शिकल्या, वयाच्या साठाव्या वर्षी. क्लच किती इंच दाबला की काय होते, हे त्या वहीत लिहून ठेवत. परवाना हातात आला, तेव्हा ट्रेलर यायला चारच दिवस उरले होते.

त्या शनिवारी सकाळी आम्ही निघालो. डावीकडे शीलाबाई, उजवीकडे बेबीताई, मांडीवर ज्वारीच्या भाकरीचे फडके.

“मला पुढचं दिसणार नाही,” बाई म्हणाल्या. “मी विचारलं की तुम्ही रस्ता पाहून सांगायचं.”

“सांगते ना. थ्यात काय!”

पुसदपर्यंत सगळे ठीक झाले. पुसद ओलांडल्यावर एका चढावर पुढे कापसाचा ट्रक आला. दोन्ही बाजूंनी फुगलेला, सगळा रस्ता अडवून रांगणारा. मागे बराच वेळ राहून माझे इंजिन तापू लागले.

“बेबीताई?” बाईंनी विचारले.

“हो! हो!”

बाईंनी मला उजवीकडे काढले आणि वेग दिला.

“अवोऽ होऽऽऽ म्हनते ना!” बेबीताई किंचाळल्या.

समोरून एसटी येत होती. बाईंनी ब्रेक दाबला आणि मला पुन्हा ट्रकमागे ओढून घेतले. एसटी इतक्या जवळून गेली की माझा आरसा थरथरला. पुढे एका कडुनिंबाखाली बाईंनी मला थांबवले आणि किल्ली काढली.

“तुम्ही हो म्हणालात,” त्या म्हणाल्या.

“हो म्हंजे थांब! बैलाले थांबवताना काय म्हंते मंग मानूस?”

बाई पाहतच राहिल्या. पस्तीस वर्षे बैल हाकलेल्या बाईचा ‘होऽ’ आणि पस्तीस वर्षे शाळेत हजेरी घेतलेल्या बाईचा ‘हो’. एका अक्षरापायी आम्ही तिघी मरता मरता वाचलो होतो.

“परत जाऊ,” शीलाबाई म्हणाल्या. “अनिकेतचं बरोबर आहे.”

“काहून परत?” घाबरलेल्या बेबीताई आता रागावल्या. “मले सांगा, सर विचारत तवा तुमी काय म्हनत होत्या?”



मित्रांनो, तो शब्द मला ठाऊक होता. पण पाच वर्षांत माझ्या आत तो कोणी उच्चारला नव्हता. बाईंनी बेबीताईंना क्लच सांगितला, आरसा सांगितला, सगळे सांगितले, फक्त तेवढा शब्द सांगितला नव्हता. तो दोघांचा होता. त्यांनी तो माझ्यासारखाच कापडाखाली झाकून ठेवला होता.

“सांगा ना,” बेबीताईंचा आवाज मऊ झाला. “मी काई तुमच्या सरांची जागा घेऊन नाई राह्यली. मी तं तुमच्या जागेवर बसली.”

बाईंनी मान वळवून उजव्या सीटकडे पाहिले. खरेच होते. ती जागा त्यांची स्वतःची होती, आणि त्या सरांच्या जागी बसल्या होत्या.

“मोकळं,” त्या हळूच म्हणाल्या. “रस्ता रिकामा असला, तरच. मोकळं.”

“मोकयं.”

“मोकळं.”

“थेच तं म्हनलं मी. मोकयं.”

बाई हसू लागल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. आयुष्यभर मुलांचे उच्चार दुरुस्त केले होते त्यांनी, पण हा नाही केला. किल्ली फिरवली.

महागावच्या अलीकडे पुन्हा एक ट्रक आला.

“बेबीताई?”

बेबीताई कमरेपर्यंत बाहेर वाकल्या. “थांबा... थांबा... थो सायकलवाला जाऊ द्या... अजून थांबा...” आणि मग, भरपूर वेळ घेऊन, “मोकयं!”

माझे नाक वर उचलले गेले. ट्रक मागे पडला. आणि दोघी, काही न बोलता, हसल्या.

फुलसावंगीला बबनराव, म्हणजे बेबीताईंचे यजमान, दोरीने माप घेऊन तयार होते. तरी माझे नाक कोठ्याबाहेर राहिलेच. “राहू द्या,” ते म्हणाले. “जनावरानं बाहेर पाहावं जरासं.” बाईंनी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि फक्त एवढेच सांगितले, “पोचलो. तिघीही.”

त्या कोठ्यात पूर्वी एक बैलजोडी होती. वाईट वर्षी ती विकावी लागली. दाव्याच्या खुणा खुंट्यांवर अजून आहेत. त्या वर्षीच्या पोळ्याला बेबीताई ओवाळणीचे ताट घेऊन कोठ्यात आल्या आणि त्यांनी माझ्या जाळीवरच्या छोट्या घोड्याला कुंकू लावले. पुरणपोळीचा घास मात्र त्यांनी बबनरावांना दिला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शीलाबाई एसटीने येतात. हवा पाहतात, तेल पाहतात. फटींत पूर्वीचे बोळे नाहीत. तिथे स्वच्छ रुई असते, बेबीताईंनी स्वतः सरकी काढलेली. मग आम्ही तिघी फिरायला जातो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू कापडाखाली असेल. तिला पुसा, तेलपाणी करा, ती चालती ठेवा. आणि घरात एखादे माणूस असे असेल, ज्याला पुढचा रस्ता दिसत नाही. ते तुम्हाला हाक मारून विचारणार नाही कदाचित. त्याच्या उजवीकडे जाऊन बसा. नीट पाहा, घाई करू नका. आणि रस्ता खरोखर रिकामा झाला, की तुमच्या जिभेला येईल तशा उच्चारात त्याला सांगा.

आमच्याकडे त्याला ‘मोकयं’ म्हणतात.