तेल तुमचं, बोल मला

मी दोन नळ्यांतला डिंक बोलतोय. दुकानात मला इपॉक्सी म्हणतात, घरात मात्र ‘तो दोन नळ्यांचा’. एका नळीत मी मधासारखा पिवळा, दुसरीत मला घट्ट करणारा माझा जोडीदार. दोघं सारखे घेऊन कालवले की आम्ही एक होतो आणि मग सुटत नाही. इतका सरळ स्वभाव माझा! तरी माझ्याइतकी नालस्ती कुणाची झाली नसेल. आज सांगतोच.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. शुद्धीवर आलो तो कुंडलला, आकाराम कातारीच्या खोपटात. आकाराम चरकावर लाकूड फिरवायचा, त्याला पटाशी टेकवली की ढलप्या भुरुभुरु उडायच्या. लाटणी, पाटाचे पाय, पाळण्याचे खांब त्याच्या हातून गोल गोल निघायचे. आधी तो सरस शिजवून सांधे जोडायचा. पावसाळ्यात सरस ओल धरायचा, सांधे कुरकुरायचे आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं. म्हणून त्यानं मला आणलं. खरं सांगतो, त्या खोपटात माझा मान होता.

यंदा, चौऱ्याण्णव साली, हवालदार नाथाजी आले. फौजेतून निवृत्त झालेले, मिश्या अजून ताठ. त्यांच्या लेकीला, विजयमालाला, पहिली मुलगी झालेली. बाळंतपण माहेरी झालं, पण बारसं विट्याला आपल्या घरीच व्हावं, असा तिच्या सासूचा, चंद्राबाईंचा हट्ट. पाळणा मात्र रीतीप्रमाणं माहेरचाच.

“असा कर गड्या, की इवायाच्या दारात मान खाली जाऊ नये.”

“शिसवी घालतो, हवालदार. पण जोडून न्यायचा न्हाई. एस्टीच्या टपावर हादऱ्यानं सांधं ढिल्लं व्हत्यात. तिथं जाऊन जोडा. लाकूड कोरडं ठेवा, ह्या दोन नळ्या सारख्या कालवा, दोरीनं आवळा आन् दुसऱ्या दिवसापत्तुर हात लावू नका.”

मग मी विट्याची वाट धरली.

चंद्राबाई मायाळू, खोटं कशाला बोलू? नात बघून त्यांचे डोळे भरून आले. पण नवं लाकूड उंबऱ्याच्या आत घ्यायचं तर त्याला तेल-हळद लावायची, ही त्यांच्या घरची रीत. बोटभर टेकवलं असतं तर मी अवाक्षर काढलं नसतं. त्यांनी वाटीभर करडईचं तेल घेतलं आणि खांब अंघोळ घातल्यासारखे चोळले.

“आत्ती, पुरं की,” विजयमाला म्हणाली.

“पुरं काय? टोकंच आधी तडकत्यात. भोकातबी सोड थोडं.”

नाथाजी बघत होते. फौजेत कुणाला न भिणारा माणूस. पण लेकीच्या सासूला रीत आवरा म्हणणार कोण? त्यांनी फडक्यानं वरवर पुसल्यासारखं केलं आणि त्या तेलकट टोकांवर मला फासलं. अहो, तेलावर मी धरू कशाला? साबणाच्या हातातून बांगडी निसटते, तसा मी निसटणार! मी ओरडून ओरडून सांगितलं असतं. पण नळीला तोंड असतं ते फक्त दाबायला.

दुसऱ्या दिवशी बारसं. बायकांनी घर भरलं. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, तसा कुंची घालून घातला. कुणीतरी झोका दिला आणि खांब सुळकन बाहेर! वरवंटा धाडकन फरशीवर. बाळ विजयमालाच्या मांडीवर होतं, म्हणून निभावलं.

“आवं इवाई, माजी नात ह्यात घालणार व्हता व्हय? पाळणा हाय का सापळा?”

मागून एकीनं टोला हाणला, “माहेरचं लाकूड हो, माहेराकडंच पळालं!”

सगळ्या हसल्या. नाथाजींनी टोपी काढून हातात धरली.

“परत घिऊन जावा ह्यो,” चंद्राबाई म्हणाल्या. माहेरचा पाळणा बारशाच्या दिवशी परत! त्यापेक्षा बापाच्या मुस्काटात मारलेली बरी.

विजयमालानं खांबाच्या टोकावर बोट फिरवलं. बोट चकाकलं. तिला कळलं. तिनं बापाकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. तेलाचं नाव घ्यावं तर भरल्या घरात सासूची शोभा. गप्प राहावं तर बापाची.

“आत्ती, पाळण्याचा दोष न्हाई आन् आबांचाबी न्हाई,” ती म्हणाली. “ह्यो डिंकच बोगस निघाला. ऱ्हाऊ द्या पाळणा, मी जोडते पुन्हा.”

“व्हय बाई, हल्लीचं डिंक असलंच,” अख्खं घर म्हणालं.

बोगस! मी! पोरीच्या तोंडून! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

त्या दिवशी साडीच्या झोळीत बारसं उरकलं. मग एका दुपारी विजयमालानं अंगणात खांबांची टोकं सोड्याच्या गरम पाण्यानं घासली, भोकं पुसली, उन्हात खडखडीत वाळवली, पॉलिशपेपर मारला. चंद्राबाई पायरीवर बसून सगळं बघत होत्या. मला फासून झाल्यावर उठल्या, नातीला चोळलेला तेलाचा हात पदराला रगडून पुसला आणि दोरीचं एक टोक धरलं.

“घट्ट वड,” एवढंच म्हणाल्या.

म्हणजे त्यांनाही कळलं होतं! तरी आल्यागेल्याला दोघी अजून सांगतात, “पहिला डिंक बोगस व्हता, दुसरा चांगला लागला.” अहो, पहिला मीच आणि दुसराही मीच! त्याच दोन नळ्या, तोच मी!

आता मी त्या पाळण्याच्या सांध्यांत असतो. सासू-सुना माझ्या डोक्यावर भांडतात, पुन्हा एका ताटात जेवतात. बाहेर कुणाला काय सांगायचं ते दोघींचं बरोबर जुळतं. नाथाजी आले की पाळण्याला हळूच झोका देऊन बघतात आणि मिशी नीट करतात.

बायांनो, बाप्यांनो, रीत जरूर पाळा. तेल लावा, हळद लावा, पण सांधा जोडून झाल्यावर. आधी लाकूड पुसा, मग मला बोल लावा.

माझा राग अजून गेलेला नाही. पोर पाळण्यात हसते तेव्हाही नाही. पण राग आला म्हणून धरलेलं सोडून द्यायला मी काय माणूस आहे?