म्झे काझुंगु पुलाव थुंकतात

आमच्या मोंबासात चहा चाखणाऱ्या माणसाला तीन गोष्टी लागतात: जीभ, नाक आणि दुसऱ्याच्या अंगावर न उडवता थुंकायची कला. म्झे काझुंगुंकडे (वडीलधाऱ्याला आम्ही 'म्झे' म्हणतो) जूनपासून यातली तिसरी तेवढी उरली होती.

जूनच्या तापात त्यांचं नाक गेलं. म्हणजे जागेवर होतं, दिसायला भरपूरही होतं, पण काम बंद. त्याच्यामागून जीभही संपावर गेली. कंपनीचा नियम असा की ज्याची चव गेली तो त्याच दिवशी घरी. म्झेंच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि घर म्हणजे किलिफीला थोरल्या भावाचं. हा भाऊ पहाटेपासून रेडिओ लावतो आणि त्यातल्या निवेदकाशी भांडतो.

"वाकेशो," म्झे मला म्हणाले, "तेवढे आठ महिने तुझी जीभ दे."

मी त्यांच्या हाताखालची चाखणारी. सहा वर्षं त्यांनीच शिकवलेली. नाही कसं म्हणणार?

आम्ही पद्धत बसवली. टेबलावर चाळीस पेले मांडलेले. मी एक पेला पुढे असायची. माझा चमचा काठावर एकदा वाजला की चहा उत्तम, दोनदा वाजला की चालेल, गप्प राहिला की टाकाऊ. मागून म्झे यायचे, बंदरापर्यंत ऐकू जाईल असा भुरका मारायचे, डोळे मिटायचे, चाकांची पिकदाणी पायाने जवळ ओढायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "डोंगराच्या पूर्वेचा आहे. पाऊस उशिरा झालाय." जूनपूर्वी ही माहिती असायची. आता काव्य.

खरा धोका बिलग्रामी साहेबांचा. ते कराचीचे. आम्ही त्यांना चहा देतो, ते आम्हाला तांदूळ देतात, आणि दोघांचंही ठाम मत असतं की आपण दिलेला पदार्थ समोरच्याला करताच येत नाही. वर्षातून दोनदा ते स्वतः येतात. चहा घ्यायची अट एकच: काझुंगुंनी त्यांच्या डोळ्यांदेखत चाखला पाहिजे, तोही कराचीच्या बेताने दूध घालून.

त्या दिवशी सकाळ सुखरूप पार पडली. चाळीस पेले, तेरा पसंत. बिलग्रामी साहेब खूश. मग ते म्हणाले, "या खेपेचा तांदूळही बघून घ्या. वर्षभर मुरवलेला, निवडक, एकेक दाणा बोटाएवढा!"

आमची खाणावळ बी झुहुरा, म्हणजे झुहुराबाई, चालवते. मालकही तिच्यासमोर ताट धुऊन ठेवतात. तिने त्या तांदळाचा पुलाव केला. खाणावळीत रंगकाम चाललं होतं, म्हणून आमचंच चाखायचं टेबल अर्धं रिकामं करून तिथे ताटं मांडली.

चूक तिथे झाली. तेच टेबल, तीच जागा, पायाशी तीच पिकदाणी. एकतीस वर्षांची सवय. म्झेंनी घास तोंडात घेतला, डोळे मिटले, भुरका मारला (भाताचा भुरका मी आयुष्यात प्रथमच ऐकला), पिकदाणी पायाने ओढली आणि थुंकले.

"काझुंगु," बी झुहुरा म्हणाली. हाकेतलं 'म्झे' गळालं होतं. "माझा पहिला नवरा मला सोडून गेला ना, तोसुद्धा पुलाव संपवून गेला."

म्झे काही बोलायच्या आत बिलग्रामी साहेबांचा चेहरा उतरला.

"कळलं तुम्हाला?" ते पुटपुटले. "एका घासात? चौथा हिस्सा तुकडा आहे हो. भाच्याने मिसळला. कराचीत चौघांनी खाल्ला, एकालाही पत्ता लागला नाही! काय जीभ आहे!"

म्झेंनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. उरलेले महिनेच काय, पुतळा उभा राहिला असता. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

पण बी झुहुरा पुढे सरकली. "तांदळाचं राहू दे. मसाला वाईट झालाय का, ते सांग. तुझी बायको गेली तेव्हा चाळीस दिवस डबा मी पाठवलाय. माझ्याशी खोटं बोलू नकोस."

म्झेंनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"बी, मसाला कसा झालाय मला माहीत नाही. तांदूळ कसा आहे तेही नाही. सवयीने थुंकलो. जूनपासून मला काहीच लागत नाही. परवा केक म्हणून साबण खाल्ला. फेस आला तेव्हा कळलं."

बिलग्रामी साहेब खाली बसले. "मग माझा चहा?"

म्झेंनी हनुवटीने मला दाखवलं.

"म्हणजे तांदळाचं मी उगाच बोललो?"

"हो."

"कोणी विचारलेलं नसताना?"

"तुम्ही फारच मोकळ्या मनाचे निघालात, साहेब," मी म्हटलं.

ते उसळले. मालकांना आत्ता सांगतो म्हणाले. मी म्हटलं, अवश्य सांगा, जिना उजव्या हाताला आहे, तांदूळ घेऊन मीही येतेच. ते दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर थांबले आणि परत आले. सकाळचे तीन गार पेले त्यांनी उचलले, चिठ्ठ्या काढल्या आणि बी झुहुराला फिरवाफिरव करायला सांगितली.

"ओळख, पोरी."

म्झेंनी टेबलाची कड धरून ठेवली होती. मी भुरका मारला. "हा सातवा. हा एकोणिसावा, जरा धुरकट, म्हणून तुम्ही घेतला नव्हता. आणि यात कोणीतरी कचुंबरीचा चमचा बुडवलाय."

"बघत होते, फसतेस का," बी झुहुरा म्हणाली.

बिलग्रामी साहेबांनी चिठ्ठ्या परत पेल्यांवर लावल्या. मग म्हणाले, "तुकडा तुकड्याच्याच भावाने घ्या. यांच्या निवृत्तीपर्यंत भुरका यांचा, जीभ हिची. नंतर दोन्ही हिची. भाच्याचं मी बघतो." आणि जेवायला लागले.

म्झेंनी दुसरा घास घेतला. या वेळी गिळला.

"कसा लागतोय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधी जिरं येतं. मग लवंग. मटण मऊ आहे, हाडापाशी किंचित चिवट. कांदा चांगला काळपट केलाय, त्याचा गोडवा मागून येतो."

ते सावकाश चावत राहिले. "आता आला?"

"आता."

"आणि मीठ?"

बी झुहुरा डाव घेऊन माझ्या मागेच उभी होती.

"अगदी बेताचं," मी म्हटलं.

म्झेंनी समाधानाने मान डोलावली आणि मिठाची वाटी गुपचूप माझ्याकडे सरकवली.