दोन नावांच्या बाया आणि मी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण अजून मोडीत निघालेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. परभणी जिल्ह्यात, मानवतच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. कापसाच्या हंगामात रस्त्यावरून भरलेल्या गाड्या जातात आणि उडालेला कापूस माझ्या पंख्यात अडकतो. मग मी घरघरतो. लोक म्हणतात, "डबडं झालंय हे." मला त्याचा फार राग येतो.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फोडला होता, हार घातला होता. आता सगळा दवाखाना याच्यावर चालणार, असं जो तो म्हणत होता. प्रत्यक्षात काय झालं? कित्येक वर्षं मी रजेचे अर्ज छापले. खरी माहिती मागच्या खोलीत गठ्ठ्यांत बांधलेली होती. तपासणीचे कागद एकीकडे, रक्ताचे दुसरीकडे, बाळंतपणाचे तिसरीकडे. एका माणसाची सगळी हकिगत हवी असेल तर तिन्ही गठ्ठे उपसावे लागत, आणि तेवढा वेळ कोणाकडे होता?

मग धम्मशीला आली. हे सगळे कागद माझ्यात उतरवण्यासाठी तिची नेमणूक झाली होती. तिने प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक दिला आणि तपासणी, रक्त, बाळंतपण असे वेगवेगळे तक्ते तयार केले. तोच क्रमांक प्रत्येक तक्त्यात असल्यामुळे एक तक्ता दुसऱ्याला ओळखू लागला. आता नुसतं विचारायचा अवकाश, की मी तिन्हीकडची माहिती जुळवून पुढे ठेवायचो. माझी कॉलर ताठ झाली होती, कॉलर नसली म्हणून काय झालं!

एक दिवस आमच्या डॉक्टर मॅडमनी महत्त्वाचा प्रश्न विचारला. मागच्या बाळंतपणात ज्यांचं रक्त फार गेलं, त्यांच्यापैकी आज कोण कोण गरोदर आहेत? अशा बाईला पुन्हा तसाच त्रास होण्याची भीती असते. तिला आधीच परभणीला, जिथे रक्ताची सोय आहे तिथे पाठवलं तर जीव वाचतो. मी क्षणात उत्तर दिलं : एकही नाही.

"बरं झालं बाई," असं म्हणून मॅडम रुग्ण बघायला गेल्या. धम्मशीला मात्र जागची हलली नाही. इतक्या बायांत एकही नाही, हे तिला पटेना. तिचं पहिलं मूल याच दवाखान्यात झालं होतं आणि परवा ती तापासाठीही इथेच दाखवून गेली होती. तिने स्वतःचंच नाव शोधलं. माझ्यात दोन धम्मशीला निघाल्या, एक वडील सूर्यभान यांच्या गावची आणि दुसरी नवरा सुगत याच्या गावची.

"मॅडम, इकडं या बरं," तिने हाक मारली. "मी एकटी, आन् याच्यात दोन बाया हायेत."

घोळ लक्षात आला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. वडील लेकीला घेऊन येतात आणि स्वतःचं नाव, स्वतःचं गाव सांगतात. दुसऱ्या खेपेला ती सासरहून येते. काही घरांत तर लग्नात मुलीचं नावही बदलतात. माझ्या हिशेबी ती नवीच बाई, जिला आजवर काहीच झालेलं नाही.

वरून तगादा होता, नोंदी लवकर संपवा. बाबू लोक कुरकुरले. धम्मशीला म्हणाली, "संपवू की. पण हे आधी." तिने माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं गाव असे रकाने वाढवले आणि प्रत्येक गरोदर बाईला विचारायला सुरुवात केली. कोणी लाजायची, कोणी म्हणायची, "आता कशाला लागतंय ते?" धम्मशीलेने पिच्छा सोडला नाही. मी तापून बंद पडलो की ती रंगाच्या कुंचल्याने माझा पंखा साफ करायची आणि पुन्हा बसायची. तिची जिद्द बघून मीही हट्टाला पेटलो.

अशात रोहिणी आली. दिवस भरत आले होते. सोबत सासू, बायनाबाई. माहेरचं नाव विचारल्यावर रोहिणी हळूच म्हणाली, "प्रियांका माणिकराव." धम्मशीलेने शोधलं आणि जुनी नोंद पुढे आली : पहिल्या बाळंतपणात रक्त थांबेना, बाहेरून रक्त आणून चढवलं. दर तपासणीला मॅडमनी विचारलं होतं, मागे काही त्रास? दर वेळी रोहिणी "न्हाई" म्हणाली होती.

मॅडमनी वजनाच्या निमित्ताने तिला आतल्या खोलीत नेलं. दार लोटलेलं होतं, तरी मला ऐकू आलं.

"आई म्हणली व्हती, सासरी सांगू नको. पोरीत खोट हाय म्हणतील," रोहिणी रडत होती.

मला फार वाईट वाटलं.

बाहेर येऊन मॅडमनी परभणीला जायला सांगितलं. "मागं काई झालं न्हाई, आता परभणी कशाला?" बायनाबाईंनी विचारलं. "मी सांगते म्हणून," मॅडम म्हणाल्या आणि चिठ्ठी दिली. नवरा भागवत तिला वेळेआधी घेऊन गेला. तिथे पुन्हा तसंच रक्त गेलं. पण या वेळी चढवायला रक्त तयार होतं. रोहिणी वाचली, मुलगी झाली. फोन आला तेव्हा धम्मशीला बराच वेळ पदराने डोळे पुसत होती.

लसीकरणाला रोहिणी लेकीला घेऊन आली. सासू शेजारीच होती. धम्मशीलेने नाव विचारताच ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "रोहिणी भागवत. माहेरची प्रियांका माणिकराव. दोन्ही खेपेला रक्त लय गेलं, ते बी लिवा."

आता बायनाबाई काय बोलतात म्हणून मी घाबरलो. मग त्या स्टुलावर टेकल्या.

"माझं बी लिवा. माहेरची मी धुरपता."

रोहिणी सासूकडे बघतच राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून हे नाव तिने कधी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, उद्या माझ्या जागी नवा संगणक येईल आणि या नोंदी त्याच्यात जातील. माझं फारसं मनावर घेऊ नका. पण आज घरी गेलात की आईला आणि आजीला त्यांचं माहेरचं नाव विचारा. काय दुखलं-खुपलं होतं, तेही विचारा. मला सांगितलेलं तेवढंच कळतं. त्यांनी कोणालाच न सांगितलेलं तुम्हीच त्यांना विचारायला हवं.