दोन वेढे

मुंबईच्या विमानतळावर जगन्नाथ निर्गुडकरांची बॅग साडेचार किलोंनी जास्त भरली, आणि बॅगेतली सहाणही नेमकी तेवढ्याच वजनाची होती. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, काहीतरी काढावं लागेल. बॅगेत आणखी काय होतं? लेकीसाठी भाजणी, मेतकूट, चकल्यांचे दोन मोठे डबे आणि वडिलांच्या हातची गुटीची वही. शहाण्या माणसाने चकल्या काढल्या असत्या. पण लेकीने फोनवर चकल्यांची आठवण तीनदा केली होती आणि सहाणेची एकदाही नाही. निर्गुडकरांनी सहाण उचलली आणि सोडायला आलेल्या पुतण्याच्या, शैलेंद्रच्या हातात दिली.

"तिकडे दगड मिळत नाहीत होय काका?" शैलेंद्र म्हणाला.

मिळतात की, असं निर्गुडकरांनाही वाटलं. दगड तो दगड.

कऱ्हाडला निर्गुडकर औषधालय चार पिढ्या चाललं. बाकी काढे, चूर्णं सगळीकडेच मिळायची. निर्गुडकरांचं नाव होतं ते बाळगुटीसाठी. सकाळी सात ते नऊ दुकानाच्या ओट्यावर बायका तान्ही पोरं घेऊन बसायच्या. वडील एकेक बाळ मांडीवर घ्यायचे, पोट चाचपायचे आणि त्याच्या आईच्या दुधात मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, जायफळ असं एकेक सहाणेवर उगाळायचे. मोजमाप वेढ्यांचं. सहाणेवरून एकदा गोल फिरवलं की एक वेढा. कुठल्या महिन्याला कशाचे किती वेढे, ते वहीत लिहिलेलं. चौथ्या महिन्याला जायफळाचे दोन. शंभर वर्षांच्या उगाळण्याने ती सहाण मधोमध खोलगट झाली होती, आणि गुळगुळीत इतकी की बोट ठेवलं तर घसरावं.

हे दुकान जगन्नाथरावांच्या हातून बुडालं. बाया दवाखान्यात जायला लागल्या, ओटा रिकामा पडला, आणि त्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांना कुणी बोल लावला नाही. पण चार पिढ्यांतला बुडवणारा आपण, ही गोष्ट त्या माणसाने पंधरा वर्षं उराशी धरून ठेवली होती.

आणि मग देवयानीचा फोन आला. ती फ्रिस्कोत, टेक्सासमध्ये, चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होती. कंपनीने एका मंगळवारी पंधरा मिनिटांच्या कॉलवर तिच्यासकट सगळ्या टीमला घरी बसवलं. जावई विक्रम आठवड्यातले चार दिवस कामाला बाहेरगावी. मोठ्या घरात ती एकटी, पडदे ओढून, आठ महिने. फोनवर नुसतं "हं, हं" करायची. त्या दिवशी मात्र तिचा आवाज खणखणीत होता. "बाबा, आपली गुटी परत सुरू करू या. इथे एवढ्या मराठी आया आहेत, कुणाकडे मोठं माणूस नाही, कुणाला उगाळता येत नाही. आपण रेडी पावडर द्यायची. तुम्ही या फक्त."

फक्त या! ते धावत आले.

देवयानीचं काम म्हणजे काम. तिने सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा मागवला. इंडियन ग्रोसरीतून नवी कोरी सहाण आणली. "बाबा, तुम्ही प्रत्येकाचे पन्नास वेढे काढा. मी ते वाळवून वजन करते आणि पन्नासनी डिव्हाइड करते. एका वेढ्याचे मिलिग्रॅम कळले की झालं. मग मिक्सरवर दळून त्या मापाने भरायच्या, शंभर बाटल्या काय नि हजार काय."

निर्गुडकर मांडी घालून बसले आणि उगाळू लागले. मुरडशेंग झाली, हळकुंड झालं. मग जायफळ घेतलं. जायफळ तेलकट आणि मऊ. नव्या दगडाचा खरखरीतपणा त्याला कचाकच खात गेला. तीन वेढ्यांत सहाणेवर दाट तपकिरी चिखल झाला. कऱ्हाडच्या सहाणेवर तीन वेढ्यांत नुसता ओला डाग पडायचा आणि वास यायचा, बस. त्यांचा हात थांबला. वडील काय म्हणायचे तेही त्यांना लख्ख आठवलं. एखादी बाई नवी सहाण दाखवायला आली की ते सांगायचे, "वर्षभर हिच्यावर चंदन उगाळ, बाळाचं नको. आणि वहीतले आकडे आमच्या सहाणेचे आहेत, तुझ्या नाहीत."

त्यांनी बोलायला तोंड उघडलं. समोर देवयानी काट्यावर वाकून कुठलंसं गाणं गुणगुणत होती. लहानपणी अभ्यास करताना गुणगुणायची तशी.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. हात भरून आला."

एवढंच ते बोलले. सांगितलं असतं तर? फार तर आठवडा वाया गेला असता आणि पुन्हा मोजावं लागलं असतं. पण लेकीचा चेहरा पुन्हा पडेल या एका भीतीने पंचाहत्तरीच्या वैद्याने बोलणं गिळलं, आणि उरलेले सत्तेचाळीस वेढे पुरे केले.

बाटल्या देखण्या झाल्या. लेबलवर वडिलांचा पगडीतला फोटो, खाली 'चार पिढ्यांची परंपरा', आत इवलासा चमचा. तिसऱ्या महिन्यापर्यंत एक चमचा, चौथ्यापासून दोन. दोन महिन्यांत एकसष्ट बाटल्या गेल्या. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुकाचा पूर आला, देवयानी ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवायची. "काका, जादू आहे! बाळ सलग पाच तास झोपतं." "फायनली आम्ही एक पूर्ण मूव्ही पाहिली यार!"

गुटी पोटासाठी असते. कऱ्हाडला गुटी घेऊन कुठलं बाळ पाच तास झोपलं होतं? निर्गुडकर दर वेळी ताटात आणखी थोडा भात वाढून घ्यायचे.

सगळ्यांत लाडकी गिऱ्हाईक प्रीता. नागपूरची पोर, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्या आईवडिलांचा व्हिसा नाकारला होता, बाळंतपण नवऱ्याने, अक्षतने, यूट्यूब बघून निभावलेलं. ती वेदांतला घेऊन यायची आणि सरळ निर्गुडकरांच्या मांडीवर ठेवायची. "काका, आता तुम्हीच याचे आजोबा." पोरगं बाळसेदार, हसरं; त्यांच्या चष्म्याची काडी ओढायचं. ऑगस्टच्या एका सोमवारी त्याला चौथा महिना लागला, गुटीच्या एका चमच्याचे दोन झाले.

गुरुवारी सकाळी साडेअकराला प्रीताचा फोन आला. देवयानीने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, वेदांत उठतच नाहीये. झटका आला त्याला. कालपासून आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत, त्याला नळी घातलीये श्वासाची. सगळ्या टेस्ट्स केल्या यांनी, काही कळत नाहीये यांना." मग ती नुसती रडत राहिली.

फोन बंद झाल्यावर निर्गुडकर म्हणाले, "गुटीचं सांगितलंय का तिने?"

"गुटीचं काय सांगायचं? डॉक्टर औषधं विचारतात बाबा. गुटी कुणी औषधात धरतं का?"

खरं होतं. आपल्याकडची कुठलीच आई धरणार नाही. घरात आज काय दिलं म्हटलं तर दूध, वरणाचं पाणी. गुटी ही दिलेली गोष्टच नाही, ती तर आंघोळीसारखी रोजची.

निर्गुडकर उठले. त्यांनी सहाण काढली, जायफळ घेतलं, दोन वेढे काढले आणि सहाण लेकीपुढे धरली. "हे बघ. कऱ्हाडला याचा दहावा हिस्सासुद्धा निघत नव्हता. सहाण नवी आहे, पोरी, आणि एवढं जायफळ तान्ह्याला विष. आपले सगळे आकडे चुकलेत. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

देवयानीने त्या तपकिरी चिखलातून बोट फिरवलं.

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू गाणं म्हणत होतीस," ते म्हणाले. उत्तर म्हणून ते किती फाटकं आहे हे त्यांनाही ऐकू आलं.

तिने डोकं गच्च धरलं. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "थांबा. नीट विचार करू. मी आज सॅम्पल लॅबला पाठवते, पाच दिवसांत रिपोर्ट येईल. वेगळंच काही असेल, व्हायरस असेल. उगाच आपण जाऊन सांगितलं तर हे लोक केस करतात बाबा. घर जाईल. मला आत टाकतील."

"पाच दिवस त्या पोराकडे आहेत का?"

निर्गुडकरांनी चपला घातल्या, एक बाटली खिशात टाकली आणि बाहेर पडले. हॉस्पिटल तीन मैलांवर, मोठ्या रस्त्याने सरळ, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या रस्त्याला पायी चालायची सोयच नव्हती. सहा लेनची वाहतूक, कडेला वाळकं गवत, डोक्यावर टेक्सासचं ऊन. ते गवतातून चालत राहिले. पोरीचं वाटोळं करायला निघालोय, असं एका पावलाला वाटायचं, आणि दुसऱ्या पावलाला वेदांतची बोटं चष्म्याच्या काडीवर जाणवायची. ते मोठ्याने रडत होते. तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

मैलभर गेल्यावर गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली. "बसा," देवयानी म्हणाली.

ते बसले. पुढच्या सिग्नलला डावीकडे वळलं की घर. सिग्नल लाल होता. लेक समोर बघत होती, आणि कुठे नेतेस हे विचारायची त्यांची छाती होईना. हिरवा झाला. तिने गाडी सरळ घेतली.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी एक टॅबलेट आणला, आणि त्यातून एका अनोळखी बाईचा मराठी आवाज आला, "नमस्कार, मी दुभाषी आहे. तुम्ही बोला, मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगेन." प्रीता आणि अक्षत भिंतीला टेकून उभे होते. काचेपलीकडे वेदांत, एवढासा, नळ्यांमध्ये.

"बाळाला रोज गुटी दिली जात होती," निर्गुडकर म्हणाले. "त्यात जायफळ दहापट पडलंय. उगाळलं मी. चूक मला माहीत होती. माझ्या मुलीला नव्हती."

टॅबलेटमधल्या आवाजाने सगळं इंग्रजीत सांगितलं, 'मी' म्हणत, जणू त्या बाईनेच पाप केलं होतं.

प्रीताने निर्गुडकरांकडे पाहिलं. त्यांना वाटलं ती अंगावर धावून येईल. ती नुसतीच म्हणाली, "मी स्वतःच्या हाताने दिली, काका." आणि खाली बसली.

पुढचं देवयानीने सांगितलं. फोनवर तक्ता उघडून, प्रत्येक चमच्यात किती मिलिग्रॅम, दशांश चिन्हानंतर तीन आकडे. डॉक्टरीण बाईंनी विषबाधेच्या केंद्राला फोन लावला, नर्स पळाल्या, पिशव्या बदलल्या. वाचेल का, या प्रश्नाला त्या म्हणाल्या, आता निदान कशाशी लढतोय ते कळलंय. मेंदूला किती इजा झालीये ते इतक्यात सांगता येणार नाही. कालच कळलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. दुभाषी बाईंनी तो मराठीत सांगितला.

"त्या विचारतायत, ही पावडर आणखी किती बाळांना दिली आहे?"

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, देवयानीने यादी उघडली. चव्वेचाळीस घरं. ती एकेक नंबर लावत गेली. "गुटी बंद करा. आत्ता. बाळ सुस्त असेल तर इमर्जन्सीला न्या आणि जायफळ सांगा." कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, एका बापाने वकिलाचं नाव घेतलं. प्रत्येक फोननंतर ती नावापुढे खूण करायची. निर्गुडकर शेजारी बसून पुढचं नाव वाचून दाखवायचे. दुसरं काय करणार?

सतरावं नाव मोना. साडेतीन वाजले होते.

"अगं देवयानी!" मोनाचा आवाज हसरा होता. "मीच करणार होते तुला फोन. काय जादू आहे गं तुमच्या गुटीत! आमच्या देवला सकाळी नऊला दिली, अजून झोपलाय. पोर झाल्यापासून आज पहिल्यांदा निवांत केस धुतले मी. काकांना थँक्यू सांग हं."

निर्गुडकरांनी लेकीच्या हातातून फोन घेतला.

"मोना, मी काका. बाळाला उठव."

"असू दे ना काका, झोपू दे बिचाऱ्याला. मुश्किलीने..."

"उठव त्याला. आत्ता."

पलीकडे पावलं वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. देवयानी वडिलांच्या फोनवरून अँब्युलन्ससाठी नऊ-एक-एक लावत होती.

"देव," मोनाने हाक मारली. "ए देवू. उठ, राजा."

मग पुन्हा हाक मारली. मग मोठ्याने मारली.